बाबांचं वेगळं पातेलं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुकान बरं चाललंय. अंगठ्याची जखम भरली, तेव्हा नर्सबाई, मला शिव्या द्यायला तुझ्याकडे आता काही उरलेलं नाही. पण बाबांचं लक्षण मला ठीक दिसत नाही.

आई जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून मी रोज दुकानातला चांगल्यातला चांगला तुकडा वर घरी नेतो आणि आईच्याच मसाल्यात शिजवतो. बाबा ताटावर बसतात, रस्सा ढवळतात, पोट भरलं म्हणतात आणि उठतात. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. काल दुपारी दुकानामागच्या खोलीत गेलो, तर बर्फपेटीशेजारी भिंतीकडे तोंड करून उभ्यानेच पाव खात होते. पावावर कुस्करलेलं केळं, आणि केळ्यावर लोणचं! मला बघून चोरी पकडल्यासारखे दचकले. परवा उकडलेल्या बटाट्यावर मुरंबा दिसला होता, तेव्हा मी थट्टेवारी नेलं होतं.

चाळीस वर्षं खाटकाचा धंदा केलेला माणूस. नुसत्या बोटाने दाबून मांस कोवळं की जून ते सांगणारा. त्याने लपूनछपून असलं काही खावं? डोक्यावर परिणाम तर झाला नसेल ना?

लोभ आहेच, या वेळी त्यासोबत सल्लाही धाड.

तुझा,
ढब्बू


१० फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अ. उ. आ.

पत्र वाचून धस्स झालं. बायको गेल्यावर अन्नावरची वासनाच उडालेले म्हातारे आमच्या वॉर्डात नेहमी येतात, आणि ते कसे येतात ते मी रोज बघते. बाबांना वार, तारीख, गिऱ्हाइकांची नावं सहज विचारून बघ. दर रविवारी वजन कर. दुकानाच्या काट्यावर नको रे बाबा, तेवढी अक्कल वापर.

केळं-लोणच्याचा पाव मी करून पाहिला. तुझ्या भावोजींनी वासानेच खिडकी उघडली. मला मात्र आवडला. हे कुणाला सांगू नकोस.

आता नीट ऐक. अशक्तपणा वाढू द्यायचा नाही. मांस शिजवून गंधासारखं बारीक वाट आणि भाजीच्या सूपमध्ये मिसळ. बाबांना कळू देऊ नकोस. हट्टी म्हाताऱ्यांना आम्ही असंच चकवतो. महिन्याभरात अंगावर मूठभर मांस दिसेल.

धीर धर, आणि तूही दोन घास नीट खात जा.

तुझी,
ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. पुढचं तूच जोडून घे.

तू सांगितलंस तसंच केलं. भोपळ्याचं सूप केलं, त्यात वाटलेलं मांस. बाबांनी दोन चमचे घेतले, छान झालंय म्हणाले. तिसऱ्याला चेहरा पांढराफटक पडला. मोरीपर्यंतसुद्धा पोचले नाहीत गं. सगळं उलटून पडलं, आणि भिंतीला टेकून घामाने निथळत खाली बसले. मी डॉक्टरांकडे पळत होतो, तर माझं मनगट धरलं आणि विचारलं की यात मांस होतं का. मी हो म्हटलं. त्यावर ते म्हणाले की ते मांस खात नाहीत. कधीपासून, म्हटलं. तर म्हणे, तुम्ही दोघं जन्मायच्या आधीपासून!

ताई, आपण खाटकाची पोरं!

आठवतं ना, बाबांचा रस्सा नेहमी वेगळ्या लहान पातेल्यात असायचा? त्यांना जहाल तिखट लागतं, असं आई सांगायची. आपण त्यात बोट बुडवायलाही घाबरायचो. त्या पातेल्यात कधीच मांस नव्हतं. आई कणीक मळून पाण्याखाली धूत बसायची. पांढरं पाणी वाहून गेलं की जो चिवट गोळा उरतो, त्याचे तुकडे करून तळायची आणि आपल्यासारख्याच मसाल्यात शिजवायची. दिसायला हुबेहूब. आणि स्वतः शेजारी बसून नळ्या चोखायची! अडतीस वर्षं, ताई. एका शब्दाने बोलली नाही.

आई गेल्यावर मला का सांगितलं नाहीत, असं विचारलं. म्हणाले, तू इतक्या हौसेने रांधत होतास. म्हणून उपाशी राहिले, आणि मी त्यांना सूपमधून विष घातल्यासारखं घातलं. ते आता बरे आहेत. मीच नाही. गिऱ्हाइकांना कळलं तर आपल्या शब्दावर कोण मटण घेईल, हीच त्यांना धास्ती. कुठे बोलू नकोस.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी लिहायची थांबू नकोस.

तुझा,
ढब्बू


५ मार्च

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझी माफी मागायचं कारण नाही. वॉर्डात चकवलेल्या त्या म्हाताऱ्यांची मात्र मागून टाक.

कारण विचारलंस. मोठं काही नाही. एकोणिसाव्या वर्षी, ज्यांनी मला धंदा शिकवला त्या उस्तादांच्या दुकानात कामाला लागलो. पहिल्या आठवड्यात ताट पुढे आलं आणि घास घशाखाली उतरेना. दया आली, व्रत घेतलं, असं काही नाही. काम हातांना आवडलं, जिभेला नाही. लग्नानंतर आठव्या दिवशी घाबरत तुझ्या आईला सांगितलं. ती एवढी हसली की काय झालं म्हणून शेजारीण विचारायला आली. दुसऱ्या दिवशी कणीक धुवायला बसली.

आता ढब्बू बसतो. त्याचा पहिला गोळा म्हणजे सायकलची ट्यूब. तीन तुकडे खाल्ले.

काल एक प्रकार झाला. दर शनिवारी येणाऱ्या मास्तरीणबाई तुला ठाऊक आहेत. दुकानात पाच-सहा माणसं उभी असताना त्यांनी विचारलं की मी घरी कोणता तुकडा नेतो, त्यांनाही तोच हवा. आजवर मी मांडीचा म्हणून सांगत आलो. काल काय झालं कोण जाणे, सांगून टाकलं की बाई, मी खातच नाही. ढब्बूचा सुरा वरच्या वर राहिला. बाई डोळे फाडून बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं, आता पिशवी उचलून जाणार. तर म्हणाल्या, तीस वर्षं मी घरी जाऊन सांगतेय की चांगला तुकडा हा माणूस स्वतःला ठेवतो, आता नवऱ्याला काय सांगू? सगळे खो खो हसले. बाईंनी अर्धा किलो जास्तच नेलं.

हे तुझ्या आईला कधी एकदा सांगतो असं झालं. हात धुतले, जिना चढू लागलो. अर्ध्या जिन्यात आठवलं. तिथेच पायरीवर थोडा बसलो. मग वर येऊन तुला लिहायला घेतलं.

तब्येतीला जप. या म्हाताऱ्यावर माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बाबा