मालकंसाचे दोन नमुने

शुक्रवार पेठ, सोलापूर
नोव्हेंबर १९३४

प्रिय अजीजा,

आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या राखणीला आपण दोघी बसायचो, आठवतं? मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आलेली असायचे. खाली तुझे अब्बा, बडेसाब, माझ्या वडिलांना सारंगी ऐकवत आणि वर आपण गिरणीच्या भोंग्यावरून भांडत बसायचो. सारंगीचा षड्ज धरला तर भोंगा पंचमात वाजतो, असं तू म्हणायचीस. मी म्हणायचे, छे, पंचमाच्या केसभर खाली. एकदा धावत जाऊन बडेसाबांनाच विचारलं. त्यांनी गज थांबवला, भोंगा पुन्हा होईपर्यंत आपल्याला बसवून ठेवलं, आणि मग म्हणाले, "कान वच्छी का, गला अजीजा का. दोनो मिला को एक गानेवाली होती." त्या दिवसापासून तू गात आलीस आणि मी ऐकत आले.

नवीन काय ऐकण्यासारखं आलंय, असं तू विचारलंस. भवानी पेठेत बसप्पाच्या दुकानात दिवाळीच्या रेकॉर्डी आल्या आहेत. हुबळीकडच्या एका तरुण गवयाचा मुलतानी जरूर घे. सव्वातीन मिनिटांत सगळं घर दाखवतो आणि कुठे घाई केली असं वाटत नाही. मागच्या बाजूची ठुमरी नाही ऐकलीस तरी चालेल. एका बीनकाराची दरबारी आहे. रेकॉर्डिंगचं यंत्र विजेचं झाल्यापासून तार छेडल्यानंतरची आसही ऐकू येते, पूर्वी ती कर्ण्यापुढेच हरवायची. इंदूरच्या बाईंच्या तोडीच्या मात्र नादी लागू नकोस. आवाज मोठा आहे, पण गंधार परक्या पाहुण्यासारखा दारातच उभा राहतो.

तुझं पार्सल गेल्या आठवड्यात मंगळवारी पोचलं. तबकड्यांना तडा गेलेला नाही. मालकंस दोनदा गायलीस, दोन्ही नमुने पाठवलेस, आणि नेहमीसारखं एकाच ओळीत लिहिलंस: कोणता बाजारात जावा ते वच्छीने सांगावं, दुसरा कंपनी मोडून टाकील. पंधरा दिवसांत कळवायचं आहे, त्यातले आठ गेले. इतके दिवस मी काय करते आहे असं तुला वाटत असेल.

गेल्या वर्षीचे भीमपलासाचे नमुने आले, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी उत्तर टाकलं होतं. पहिला घे, असं ठामपणे लिहिलं होतं. चांदसाब तुला म्हणाले होते, "बीबी, दूसरा लेव. पहले में ऊपर का सा बैठा है." बावीस वर्षं तुझ्या मागे सारंगी धरलेला माणूस. तू त्यांच्यापुढे माझं पत्र टाकलंस आणि म्हणालीस, वच्छीचा कान तुमच्या गजापेक्षा खरा आहे. त्यांनी सारंगीला गवसणी चढवली आणि ते जिना उतरले ते कायमचे. हे सगळं तूच मोठ्या अभिमानाने मला लिहिलं होतंस. ती रेकॉर्ड खपली नाही, बोलावणी कमी झाली, तेव्हा तू म्हणालीस, लोक जळतात. चांदसाब जूनमध्ये वारले आणि मिरजेत चार घरं पलीकडे राहून तू त्यांच्या मयतीला गेली नाहीस. त्यांनी आधी चूक कबूल करायला हवी होती, असं लिहिलंस. ते पत्र मी उशीखाली ठेवलं आहे.

आता मुक्ताबाईचं सांगते. माझं घर तीच चालवते. मे महिन्यात एका दुपारी मी तुझा भीमपलास लावला होता आणि ती ज्वारी निवडत होती. ऐकता ऐकता म्हणाली, "बाई, गळा लई ग्वाड हाय बगा, पर वर चढताना पाय घसरतुया की हिचा." मी तिला झापलं. म्हटलं, तुला गाण्यातलं काय कळतं? ती उठून माझ्या समोर आली, माझ्या तोंडाकडे बघत तिने हळूच विचारलं, "तुमास्नी ऐकू येत न्हाय, व्हय?" तेव्हा मला उमगलं, की गेलं वर्षभर ती माझ्याशी पाठीमागून कधीच बोलली नव्हती.

आधी बांगड्यांचा आवाज गेला होता, मग चिमण्यांचा, मग तंबोऱ्याचा झंकार. वरचे सूर विझत गेले, आणि खालचे ऐकू येत होते म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. भीमपलासाच्या पहिल्या नमुन्यात तबल्याचा ठेका मला नीट लागत होता, म्हणून पहिला. एवढंच. तुझा वरचा, उतरलेला षड्ज मी ऐकलाच नव्हता.

आठ दिवस दोन्ही मालकंस लावते आहे. ग्रामोफोनच्या लाकडावर तळवा ठेवला की थोडी थरथर लागते, बाकी काही नाही. सिव्हिल सर्जन म्हणतात, यावर इलाज नाही. वर लिहिलेल्या मतांतलं एकही माझं नाही. मुलतानी आणि दरबारी बसप्पाची, तोडी मुक्ताबाईची, त्यातला गंधार हा शब्द तेवढा माझा. पण अजीजा, हे पत्र बहिरेपण सांगण्यासाठी लिहिलेलं नाही. मुक्ताबाई ते बोलली तेव्हा चांदसाब जिवंत होते. तुला दोन ओळी टाकल्या असत्या तर तू चार घरं चालून गेली असतीस. कान गेला तर तुला माझं काय काम उरेल, या भीतीने मी गप्प बसले, आणि जून उजाडला. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या, कबुली दिली की मन हलकं होतं. तसं काही झालं नाही. दोन्ही नमुने बसप्पाच्या माणसाबरोबर परत येतील. ते तुझ्या रशीदाला दे, मुलीचा कान तरुण आहे, ती सांगेल तोच कळव. ग्रामोफोन आणि रेकॉर्डींची पेटी मी मुक्ताबाईला दिली आहे. माझा तंबोराही बसप्पाच्या माणसाबरोबर येईल, तो चांदसाबच्या घरी पोचव. आणि हे पत्र त्यांच्या बायकोचं आहे. तिला वाचता येत नाही, तेव्हा समोर बसून तूच वाच, एकही ओळ गाळू नकोस, आणि वाचून झाल्यावर तिच्याच हातात दे.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
वच्छला