माझ्या नावाचा जिवाणू

२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांच्या मागे काहीतरी लेखी राहतं. मी कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात एकवीस वर्षं डेमॉन्स्ट्रेटर आहे. लेखी म्हणाल तर हजेरीच्या सह्या. आज प्रॅक्टिकलसाठी चाळीस डिश ओतल्या. जिवाणूंच्या खाद्याची जेली शिजवायची, हाताला सोसवेल इतकी निवू द्यायची, मग अँटिबायोटिक घालून ओतायची. सगळं एकहाती. मधे मेहुण्याचा फोन आला, तोही घेतला. अनुभव म्हणतात तो हाच.

४ सप्टेंबर, बुधवार
प्रॅक्टिकल झकास. मुलांना समजावलं: जिवाणू म्हणजे एकच पेशी, तिलाही केंद्रक नाही. म्हणजे घरात कर्तं माणूस नाही, तरी संसार सुरळीत. शिवाय जवळ प्लाझ्मिड, म्हणजे डीएनएचं छोटंसं कडं. हे कडं ते एकमेकांना देतात. आपल्या कड्यात औषधाला पुरून उरणारा जीन आहे. कडं मिळालं तो जिवाणू अँटिबायोटिकवर जगतो, न मिळालं तो मरतो. एकीने जांभई दिली. मी पाहिली नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी ९
कडं न दिलेले जिवाणू मेलेले नाहीत. डिश गच्च भरली आहे, दुधावर साय धरावी तशी.
९.२०. मुलांना सांगितलं, निष्कर्ष इतक्यात लिहू नका.
९.४५. हे म्युटेशन आहे! जीन बदलला आणि जिवाणूने आपणहून औषधावर मात केली. तीही माझ्या टेबलावर.
दुपारी. नव्या जिवाणूला माणसाचं नाव देतात म्हणे. माझं आडनाव लॅटिनमध्ये कसं दिसेल ते पाच प्रकारे लिहून पाहिलं. तिसरा प्रकार भारदस्त.

६ सप्टेंबर, शुक्रवार
बायकोला सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, औषध घातलं होतंत ना? एकवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हा प्रश्न. निषेध म्हणून जेवताना एक शब्द बोललो नाही. जेवलो मात्र पोटभर.

९ सप्टेंबर, सोमवार
शनिवारी उरलेल्या डिशवर प्रयोग पुन्हा लावला होता. पुन्हा वाढले. खातरजमा म्हणून एक शेळपट जातही लावली होती, औषधाच्या वाऱ्यानेही मरणारी. तीही वाढली. म्हणजे शोध वाटला त्याहून मोठा आहे. रिसर्च पेपर लिहायला घेतला. शीर्षक झालं. आभार झाले. मधलं राहिलं आहे.

११ सप्टेंबर, बुधवार
स्टाफ मीटिंगमध्ये जाहीर केलं. विभागप्रमुख मॅडमनी चष्मा काढला आणि बायकोचाच प्रश्न विचारला. सगळ्यांसमोर. म्हणालो, घातलं होतं. एकदा तोंड उघडलं ते मिटेना. काचसामान नीट धुतलं जात नसावं, फ्लास्कला साबण राहिला असेल, त्याने औषध निकामी झालं असेल, असंही म्हणालो. म्हणजे शोधावर मीच पाणी ओतलं. ते घरी येताना लक्षात आलं.

काचसामान मावशी धुतात. माझ्या आधीपासून इथे आहेत. मॅडमनी त्यांना तिथेच बोलावलं आणि फैलावर घेतलं. मावशी ओले हात ॲप्रनला पुसत उभ्या होत्या. एकदा माझ्याकडे बघितलं. मी अजेंडा वाचत होतो. त्यात चारच ओळी होत्या.

उद्यापासून त्यांची बदली लायब्ररीत. झाडपूस.

१२ सप्टेंबर, गुरुवार
तसं पाहिलं तर लायब्ररीत पंखा आहे. हात दिवसभर ओले राहणार नाहीत. त्यांचं भलंच झालं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
फ्रीजरमध्ये भलतंच काही शोधत होतो. अँटिबायोटिकची कुपी हाती लागली. सील शाबूत. दुसरी असेल म्हणून रजिस्टर पाहिलं. या सत्रात एकच आली आहे. कुपी धरून उभा राहिलो. बोटं बधिर झाली तेव्हा ठेवली.
जेली निवत होती तेव्हाच फोन आला. दोष मेहुण्याचा.
वरची ओळ खोडायची आहे.

१५ सप्टेंबर, रविवार
ठरलं. उद्या मॅडमना सांगायचं, आडपडदा न ठेवता. तीन वाक्यं पाठ केली. आरशासमोर दुसऱ्याच वाक्याला अडकतो.

१६ सप्टेंबर, सोमवार
मॅडम कामात होत्या.

१७ सप्टेंबर, मंगळवार
मॅडम रिकाम्या होत्या. मूडही चांगला होता. तो बिघडवावा कशाला?

१८ सप्टेंबर, बुधवार
मला सर्दी. मावशींच्या जागी कोणी आलेलं नाही, फ्लास्क मीच धुतो. मान इतकी अरुंद की तळापर्यंत हात जात नाही. त्या इतके लख्ख कसे करत होत्या, विचारलं पाहिजे. कोणत्या तोंडाने विचारणार?

१९ सप्टेंबर, गुरुवार
सांगितलं. तीन वाक्यांपैकी एकच आठवलं, तेच दोनदा म्हणालो. मॅडमनी ऐकून घेतलं. त्यांनी ती कुपी मंगळवारीच पाहिली होती. मी येतो का, याची वाट बघत होत्या. मावशींची माफी त्यांनी कालच मागितली. परतही बोलावलं. मावशी नको म्हणाल्या.
मी जायला उठलो. मॅडम म्हणाल्या, माझं झालं, तुमचं राहिलं आहे.

२० सप्टेंबर, शुक्रवार
लायब्ररीत गेलो. मावशी कपाटाला शिडी लावत होत्या. म्हणालो, फ्लास्क स्वच्छ होते, चूक माझी होती. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे, फ्रीजर पुसताना कुपीचं सील दिसलं होतं. मग त्या दिवशी मीटिंगमध्ये बोलला का नाहीत, असं मी विचारलं. अजूनही मीच विचारत होतो.
“मला कोणी विचारलं होतं का, सर?”
परत या, म्हणालो. वरच्या फळीवरची पुस्तकं पुसायची राहिली आहेत, शिडी डुगडुगते, जरा धराल का, म्हणाल्या.
पाऊण तास धरली. दोन्ही हातांनी. चढताना त्या प्रत्येक पायरीला थांबत होत्या आणि खाली बघून घेत होत्या, मी धरली आहे ना.