आत्याबाई, मी तिच्याशी लग्न करू का

आत्याबाई, तुमच्यामुळे काल कौन्सिलच्या ऑफिसात माझी शोभा झाली. सात वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी तुमचा सासूपणा काही सुटत नाही. आता इथे दोन बायकांचीही नोंदणी करतात, तुम्हाला ठाऊक नसेल. कायद्यात त्याला लग्न म्हणत नाहीत, काहीतरी लांबलचक नाव आहे, पण आमची पोरगी लग्नच म्हणते. नोंदणी करणाऱ्या दोघींना वेगवेगळं आत घेतात, कुणावर जबरदस्ती नाही ना ते बघायला. ती बाहेर बाकावर बसली, मी आत. टेबलामागची मुलगी विचारते, ज्यांच्याशी नोंदणी करायची त्यांचं पूर्ण नाव सांगा. आणि माझ्या तोंडातून तिचं नाव निघेना.

लग्न होऊन मी इथे लंडनला, हॅरोला आले त्या पहिल्या हिवाळ्यात पोळ्या लाटताना तुमच्या मुलाला नावाने हाक मारली होती. तुम्ही गॅस बंद केलात. ओरडला नाहीत. "ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याचं नाव असं येताजाता घ्यायचं नाही. झिजतं ते." मी चौथी शिकलेली, मला वाटलं झिजत असेल. तो गेला तोवर परत कधी घेतलं नाही.

मग घरात आपण दोघीच उरलो, म्हणून वरची मागची खोली भाड्याने दिली आणि ही आली. नागपूरची नर्स, पाचवा महिना, नवरा सोडून गेलेला. तेव्हा मी तिला नावानेच हाक मारायची. तुम्ही तिला डिंकाचे लाडू करून घातलेत, पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घातलंत. पोरगी वर्षाची असेल. तुम्ही मेथी निवडत बसलाय आणि मी जिन्यातून वर ओरडतेय, "अगं, चहा झालाय, ये." तुम्ही काडी हातात धरून माझ्याकडे बघता. "नाव घेणं कधी सोडलंस तिचं?" मी म्हटलं, "कुठं सोडलंय?" तुम्ही परत खाली मान घालून मेथी निवडायला लागलात. खरं सांगते, तुम्ही विचारेपर्यंत मलाही पत्ता नव्हता.

हे सगळं त्या ऑफिसातल्या मुलीला काय सांगणार? तिने दोनदा विचारलं, मग हळूच म्हणाली, कुणी तुम्हाला भाग पाडतंय का? मी म्हटलं, मला कोण भाग पाडणार. तिने फाईल मिटली. शुक्रवारी या, नीट विचार करून या. बाहेर ही उभी. "झालं?" "नाही." "का?" सांगितलं तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "दहा वर्षं मी घरात आहे, अजून तू सासूला विचारून डाळीत मीठ घालतेस. जा, विचार मग तिला." बसमध्ये माझ्या शेजारी बसली नाही.

तिचं चुकत नाही. मागच्या हिवाळ्यात पोरगी स्कूलमध्ये पडली, हात मोडला. ही ड्यूटीवर, फोन लॉकरमध्ये. मी धावत हॉस्पिटलला गेले. तिथे विचारलं, तुम्ही मुलीच्या कोण? मी म्हटलं, लँडलेडी. पटकन तेच आलं तोंडात. पडद्याच्या आत पोरगी मला हाका मारतेय आणि मी तासभर बाहेर खुर्चीवर. पोरगी मला आई म्हणते, तिला मम्मी. प्लास्टर निघाल्यावर एक दिवस विचारते, "आई, तू माझा लँडलेडी आहे?" तिचं मराठी असंच मोडकं. मी म्हटलं, गप जेव.

शेवटच्या वर्षी तुम्ही एकदम म्हणालात, जिना चढवत नाही, माझी कॉट खाली हॉलमध्ये आणा. वरच्या दोन्ही खोल्या आम्हाला सोडल्यात. गुडघे दुखतात म्हणालात. आणि त्याच रविवारी वेम्बलीच्या देवळात भजनाला अडीच तास मांडी घालून बसलात, उठताना माझा हातसुद्धा धरला नाहीत. मी तेव्हा विचारायला हवं होतं. भीती वाटली. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात, आणि मग मला तुमचं ऐकावं लागलं असतं. तुमच्या मुलामागे तुम्ही मला घरात ठेवलंत, स्वतःच्या लेकीकडे गेला नाहीत, ते मी कसं विसरू?

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, कागदांच्या डब्यातच राहील. एक कबूल करते. काल सगळा दोष तुमच्या शिकवणीचा नव्हता. ती ऑफिसातली मुलगी आपल्यातलीच होती, गळ्यात मंगळसूत्र. त्या मुलीची आई आपल्या देवळात येत असेल, तिला कळेल असं मनात आलं आणि मला लाज वाटली. पोरीची आई म्हणवून घेते आणि लाजते.

शुक्रवारी दहाला जायचंय. गुरुवारी संध्याकाळपर्यंत काय ते सांगा. गप्प राहिलात तर मी हो धरून चालेन.