पतंगावरचा शिक्का

हूफडॉर्प, नेदरलँड्स,
१९ मार्च २०२६

चि. सुरेखास थोरल्या जावेचे आशीर्वाद.

गुडघे कसे आहेत? इथं थंडी हटत नाही, पण मी मजेत. तिसरी शिकलेलीचं अक्षर आहे, सांभाळून घे. इरावती म्हणाली, "आजी, तू बोल, मी टाइप करते." नको म्हटलं. नातीसमोर सगळंच बोलता येत नाही.

काल मी इथं मत दिलं बरं का. लेकीकडे राहून पाच वर्षं झाली, म्हणून नगरपालिकेचं कार्ड आलं. चादरीएवढा कागद, त्यावर लाल पेन्सिलीनं एक गोल रंगवायचा. मग मी आपली सवयीनं शाईसाठी बोट पुढं केलं. टेबलावरच्या बाईनं ते धरून हलवलं आणि अभिनंदन केलं. इरावती हसून हसून खाली बसली.

सोबत शेजारची सुखदेई होती. पूर्वज बिहारकडचे, जन्म तिकडं दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामचा. तिची बोली हिंदीसारखी, निम्मी कळते. ती तरुण असताना तिथं सैन्यानं सरकार उलथवलं. सात वर्षं कुणाला मत विचारलं नाही. तिच्या मास्तर भावाला चौकशीला नेलं. चार दिवसांनी आला, पण पुढं कधी धड बोलला नाही. देश सुटला, चाळीसवर वर्षं झाली, तरी दारात मोटार थांबली की सुखदेई बोलता बोलता गप्प होते. मत द्यायला मात्र सगळ्यांच्या आधी.

येताना मी म्हटलं, जन्मात पहिल्यांदा माझ्या मनानं मत दिलं. तिनं विचारलं, "हमके त बंदूकवाला रोकिस. तोके के रोकिस?" म्हणजे, मला बंदूकवाल्यांनी अडवलं, तुला कुणी?

तेव्हापासून जिवाला चैन नाही. आज दोनदा दूध उतू घालवलं.

सुरेखा, तू पंचायतीला उभी राहिलीस, तेव्हा हे जेवताना एवढंच म्हणाले, "धाकट्याची बायको खुर्चीत बसणार, मग मी काय उभा राहू?" हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. मी तुझ्या कपबशीवर शिक्का मारला नाही. पतंगावर मारला. तू एका मतानं पडलीस. वर तुळशीला हात लावून तुला सांगितलं, तुलाच दिलं म्हणून. तू संशय घेतलास योगिनीवर, जिवाच्या मैत्रिणीवर. पंचवीस वर्षं तिच्या घरचं पाणी घेतलं नाहीस. मी नुसती बघत राहिले.

हे गेले, आता त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. पण शिक्का माझ्या हातात होता.

योगिनी गावातच आहे ना? हे पत्र घेऊन तिच्याकडे जा, वाचून दाखव. मग मला काय म्हणायचं ते दोघी मिळून म्हणा.

तुला पाडणारी,
तुझी थोरली जाऊ