हुंगलेली फुलं

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी सावेडीतल्या चित्रांच्या वर्गाला गेले, दुपारी घरी आले, कपडे धुतले, मुलीला फोन केला. एवढंच झालं.

आई, हा वर्ग चित्रकला शिकवणारा नाही. मुलीच्या साखरपुड्यात पाहुण्यांनी गुलाबाचा हार पुढे केला आणि वासाने माझ्या छातीत असं धरलं की मी हॉलबाहेर जाऊन पायरीवर बसले. पोर रडली. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, हृदय उत्तम आहे, समुपदेशक बाईंकडे जा. त्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. कागद आणि रंग पुढे ठेवतात आणि म्हणतात, विचार करू नका, हात जाईल तिकडे जाऊ द्या. आपल्या आत एक लहान मूल असतं, त्याला जे बोलता येत नाही ते रंगवता येतं. मला आधी हसूच आलं. मी जन्मभर शाळेच्या कार्यालयात दाखले लिहिले. कागद मला रेघा मारलेलाच माहीत. पण लग्न पुढच्या महिन्यात आहे, आणि मला मांडवात उभं राहायचं आहे. म्हणून जात राहिले.

दर वेळी माझ्या हातून एका बाईचा चेहरा यायचा. माझ्या शेजारी एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर बाई बसतात. मागच्या रविवारी त्यांनी माझे सगळे कागद ओळीने लावले आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "ओ मॅडम, तुमच्या एकाबी बाईला नाक न्हाई. श्वास कुठून घेत्यात ह्या?" सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता मला शिर्डीतलं आपलं हारांचं दुकान दिसलं.

मी दुसरीत आहे. ताज्या गुलाबांची टोपली आली आहे, तू सुईत दोरा ओवते आहेस, आणि मी टोपली दोन्ही हातांनी धरून त्यात तोंड खुपसलं आहे. तुझा धपाटा पाठीत बसतो. "हुंगलंस व्हय? सटवे, समदी उष्टी केलीस की! देवाच्या आदी तू कोन लागून गेलीस गं?" हुंगलेलं फूल देवाला चालत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नव्हतं. तू लबाडी केली नाहीस. अख्खी टोपली बाजूला ठेवलीस आणि संध्याकाळी शेजाऱ्यांच्या शेळीपुढे ओतलीस. शेळीने आधी गुलाब नीट हुंगले, मग खाल्ले. तिला कोणी काही म्हणालं नाही.

हे सांगितल्यावर समुपदेशक बाई म्हणाल्या, "ती नाक नसलेली बाई म्हणजे तुमच्यातली ती लहान मुलगी. तिला जवळ घ्या." आठवडाभर मी प्रयत्न केला, जमलं नाही. आज रंगवताना कळलं की तो चेहरा माझा नव्हताच. कुंकू तुझं आहे. हारावर श्वास पडू नये म्हणून तू पदर नाकावरून घेऊन कानामागे खोचायचीस. पहाटे मी झोपेत असताना जायचीस, यायचीस तेव्हाही मी झोपलेली. मी तुला पाहिलं ते दुकानातच. तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. तुझा एकच फोटो आहे, त्यातही पदर तसाच. सारं आयुष्य फुलांत काढलंस आणि स्वतः एकही हुंगलं नाहीस. तू कोण लागून गेलीस, असं तुलाही कोणीतरी म्हणालं असेल.

हे कळूनही मला तुझा राग आला. समुपदेशक बाईंना वाटलं, आता मी रडेन. मी रडले नाही. चित्राकडे बघून मोठ्याने म्हणाले, "मी सात वर्षांची होते, आई. मी देवाच्या आधी गेले नव्हते. मी फक्त टोपलीजवळ बसले होते." कंडक्टर बाई तेवढ्या म्हणाल्या, "बराबर हाय."

मुलीने माझ्यासाठी कापडी फुलं ठरवली होती, हारसुद्धा कापडीच. घरी येऊन तिला फोन केला.

"खरी फुलं सांग. गुलाबच सांग."

"आणि तू?"

"मी मांडवात."

"आई, परत पायरीवर जाऊन बसशील."

"बसले तर तू हार घालून मोकळी हो, माझ्यासाठी थांबू नकोस. पण नाही बसणार."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी माझ्याशी बोलताना हसली.

चित्र घरी आणलं आहे. दुपारी त्याला नाक काढलं. एक गोष्ट मात्र वर्गात सांगणार नाही. तुझं नाक मला आठवलंच नाही. आरशासमोर उभी राहून माझंच काढलं, चमकीसकट. बरं दिसतंय तुला.

हे पत्र कुठे जायचं नाही. आता वाटीभर तांदूळ धुते आणि एकटीपुरता कुकर लावते.