विमानतळावरच्या तीन चिठ्ठ्या

न्हावरे, ता. शिरूर
११ मार्च

प्रिय धुरपदा,

तुझ्याकडे मांडवगणला यायला मला पाऊण तास पुरतो आणि फोन तर उशाशीच असतो, तरी मी पत्र लिहायला बसले आहे. हसशील मला. अंगणवाडीचं काम सोडल्यापासून पेन हातात धरलं ते फक्त कुठं सही करायला. पण तुझ्या सासूबाईंच्या तेराव्याला तुझ्या शेजारी दोन तास बसून आले आणि तोंडातून एक धड वाक्य निघालं नाही. बुंदी वाढू का, एवढंच काय ते विचारलं. म्हटलं, कागद काही आपल्याकडे बघत नाही, त्याच्यापुढं तरी बोलता येईल.

परवा तुझ्या सुनेचा, रुपालीचा फोन आला होता. म्हणाली, “मावशी, आई देव्हाऱ्यापाशी फिरकत न्हाईत. दिवा मलाच लावाय सांगत्यात. माझ्या हातचं देवाला नको हाय, म्हनत्यात.” बारा वर्षं तू सासूबाईंना, तानुबाईंना कुशीवर वळवलंस, भरवलंस, त्यांचं हगणंमुतणं काढलंस, आणि शेवटचं पाणी रुपालीच्या हातून त्यांच्या तोंडात गेलं. तू तिकडे बेटावर अडकलेली. तेव्हापासून तू एकच धरून बसली आहेस, की तुझ्या सेवेत काहीतरी खोट होती, म्हणून देवानंच तुला ऐन वेळी लांब ठेवलं. तुझ्या मनातून हे काढल्याशिवाय मला चैन पडायची नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. तू तिथं होतीस, तरी लिहिते.

तुला ओढून नेलं ते मीच. साठीच्या आत एकदा विमानात बसायचं, हे आपण तिघींनी शाळेच्या मेळाव्यात ठरवलं होतं, पण तू काही हलायला तयार नव्हतीस. सासूबाईंना सोडून कशी येऊ, हे तुझं पालुपद. मी रुपालीला पुढं घातलं, तुझ्या लेकाला, रविराजला दोनदा फोन केला, शेवटी तानुबाईंच्या खाटेपाशी बसून त्यांनाच विचारलं. म्हातारी म्हणाली, “जाऊ दे की तिला. मी काय कुटं पळून चालले व्हय?” मग तुझं काही चाललं नाही. वच्छलाच्या लेकानं, सत्यजीतनं मोबाइलवर सगळं ठरवून दिलं, आणि न्हावरे, मांडवगण, पाटस इथल्या तीन बायका लक्षद्वीपला जाऊन पोचल्या. खरं सांग, ते चार दिवस चांगले गेले की नाही? लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून तू समुद्रात उभी राहिलीस आणि म्हणालीस, “एवढं पानी, आन् उसाला एक थेंब कामाचा न्हाई.” वच्छला हसता हसता वाळूत बसली. तुझ्या तोंडावर इतकं मोकळं हसू मी तुझ्या लग्नाआधी पाहिलं होतं.

परत निघायच्या दिवसाचं मात्र नीट आठव. तो विमानतळ म्हणजे काय, आपल्या एसटी स्टँडएवढी एक खोली, दोन पंखे, एक टेबल आणि काचेपलीकडे थेट समुद्र. विमानही छोटं. म्हणून सामानाबरोबर माणसांचीही वजनं घेत होते. वच्छलाच्या नवऱ्याचा जन्म कारखान्याला ऊस ओढण्यात गेला. काटा दिसला की वजन जास्त भरलं पाहिजे, हे तिच्या हाडात भिनलेलं. ती नारळांची पिशवी पोटाशी धरून काट्यावर चढली, उतरताना हळूच तुझ्या हातात दिली आणि तुझ्याकडून ती माझ्याकडे आली. एक पिशवी तीनदा भरली. वर वच्छला म्हणते, “जड भरल्यालं बरं असतंय.” त्या टेबलावरच्या पोरीला कळलं तेव्हा ती डोक्याला हात लावून हसत सुटली. आपण हात जोडले, तिनं आकडे खोडून नीट केले. पण वारा उलटा होता, विमान त्या दिवशी नेहमीपेक्षा हलकंच न्यायचं होतं, आणि नारळ खाली ठेवूनही भागेना. एकानं थांबायचं, कंपनी राहायची सोय करेल, दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा पक्की, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. बाकीचे लेकरंबाळं घेतलेले. सगळे आपल्या तिघींकडे बघायला लागले.

वच्छलाला इन्सुलिन लागतं, तिच्या सुया संपत आलेल्या, तिनं थांबणं बरं नव्हतं. तरी ती हट्टाला पेटली, चिठ्ठ्या टाका म्हणाली, कुणाचं उपकाराचं ओझं नको. तूही लगेच मान डोलावलीस. चिठ्ठीवर तुझा केवढा विश्वास, ते मला लहानपणापासून माहीत आहे. तुझ्या वडिलांची, आप्पांची, आणि चुलत्यांची विहीर सामाईक, पाण्याची पाळी दरसाल चिठ्ठीवर ठरायची. एका वर्षी आप्पांची पाळी सगळ्यात शेवटी आली, कांदा जागेवर वाळला, तरी ते भावांना एक शब्द बोलले नाहीत. चिठ्ठी आली म्हंजी देवाचा शब्द आला, असं म्हणायचे. तूही तेच म्हणत मोठी झालीस.

माझ्याकडे पेन होतं म्हणून चिठ्ठ्या मी केल्या. खिडकीपाशी जाऊन, तिकिटाचा कागद फाडून. वच्छलानं डोळे मिटून एक उचलली, तुझं नाव निघालं. तू जराही कुरकुर केली नाहीस. “जावा गं तुमी. उद्या मला कुनी उठवायचं न्हाई,” म्हणालीस आणि आमच्या पिशव्या दारापर्यंत आणून दिल्यास. आम्ही रात्री घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तानुबाई गेल्या. उन्हाचे दिवस, पाहुणे आलेले, दुपारी सगळं उरकलं. त्याच वेळी तू त्या काचेच्या खोलीत मोबाइल धरून उभी होतीस, रविराज इकडून सासूबाईंचं तोंड दाखवत होता आणि रेंज सारखी जात होती. हे तू मला दोन वाक्यांत सांगितलंस. मला मात्र रोज भाकरी थापताना ते दिसतं. तू आमच्याबरोबर आली असतीस, तर सकाळी त्यांच्या उशाशी असतीस.

आता ऐक. त्या तिन्ही चिठ्ठ्यांवर तुझंच नाव होतं. वच्छलानं कुठलीही उचलली असती तरी तूच राहिली असतीस. उरलेल्या दोन मी तोंडात घालून चावून गिळल्या, आणि तुम्हाला वाटलं मी बडीशेप खातेय. मनाशी म्हणत होते, धुरपदाला बारा वर्षांत सुट्टी नाही, एक दिवस निवांत झोपेल बिचारी. ते खोटं होतं. मला हिंदी धड येत नाही, आयुष्यात कधी परक्या गावी एकटी राहिले नाही. मी भ्याले, धुरपे. तू घाबरत नाहीस, हे मला ठाऊक होतं, म्हणून तुझं नाव लिहिलं. वच्छलालाही हे माहीत नाही, तिला तू सांग किंवा मी सांगेन. मी आजवर गप्प बसले, कारण आपली पन्नास वर्षांची मैत्री माझ्या हातानं मोडायची भीती वाटत होती. पण तू देवाकडे पाठ करून बसलीस आणि मी इकडे गुपचूप जेवते, हे आता सोसवत नाही. देवानं तुझी चिठ्ठी काढलीच नाही गं. तुझ्या सासूचं शेवटचं पाणी तुझ्या हातून मी काढून घेतलं. बोल लावायचा तर मला लाव, चारचौघांत लाव, मी खाली मान घालून ऐकेन.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझीच,
सुलक्षणा