शुक्रवारचा ढग

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. चष्म्याची काडी अजून दोऱ्यानंच बांधलेली आहे, तेव्हा पुन्हा विचारू नकोस.

भावोजी म्हणतात तशी आमची ढगांना धुरी देऊन पाऊस पाडण्याची नोकरी बरी चालली आहे. मंगळवार ते गुरुवार धुरी देणार म्हणून हवामान कचेरीला रीतसर कळवलं, तर तिन्ही दिवस आभाळ कोरडं ठणठणीत. आज दुपारी मात्र एक गलेलठ्ठ ढग डोंगरावर येऊन बसला. साहेब म्हणाले, आधी पेटवा, कागद मागाहून रंगवू. मग काय, चांदीचा क्षार घालून सहाही शेगड्या पेटवल्या. पाचच्या सुमाराला स्वारी डोंगर ओलांडून तुमच्या बाजूला निघाली.

दोरीवरचे कपडे आत घे. हे पत्र मिळेपर्यंत ते भिजून वाळलेलेही असतील म्हणा, पण मी सांगितलं नाही असं व्हायला नको. भावोजींना नमस्कार.

तुझ्या मायेचा हक्कदार,
ढापण्या


गुरुवार, १८ सप्टेंबर

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र सोमवारी आलं. कपडे भिजले, पण ते जाऊ दे.

शुक्रवारी संध्याकाळी तासभर नुसता कोसळत होता. बघता बघता फरशी पुलावरून पाणी गेलं. पुलावर रस्ता अडवायचा यांचा दांडा वरच होता. पाववाल्याची गाडी पुलावर आली आणि कलंडली. तुझे भावोजी कमरेला दोर बांधून पाण्यात उतरले आणि त्याला ओढून काढलं. त्याचा जीव वाचला, पाय दोन ठिकाणी मोडला आहे.

आता चौकशी लागली आहे आणि यांना घरी बसवलंय. धुरी असली की हवामान कचेरीतून पुलावर फोन येतो आणि हे दांडा पाडतात, हे तुला ठाऊकच आहे. तीन दिवस पाडून ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्यांचं वाट्टेल ते ऐकून घेतलं. शुक्रवारी फोन आला नाही. हे म्हणतात, आला असेल, मलाच ऐकू आला नसेल. काल डॉक्टरकडून कान तपासून आले. रात्रंदिवस तेच घेऊन बसले आहेत.

तुम्ही शुक्रवारचं कळवलं होतं ना? एवढं उलटटपाली लिही. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी काळजी वाहणारी,
ताई


मंगळवार, २३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचून फार वाईट वाटलं. भावोजींचे कान ठीकच असतील, त्यांना उगाच तेल घालू देऊ नकोस.

शुक्रवारचं म्हणशील तर ते साहेबांकडे असतं. आणि धुरीनं पाऊस पडतो की तो पडणारच असतो, हे भल्याभल्यांना छातीठोक सांगता येत नाही. इकडे थंडी पडू लागली आहे. नवा रेनकोट घेतला, बाह्या लांब आहेत. कामाची गडबड आहे म्हणून आवरतं घेतो.

तुझाच,
ढापण्या


शनिवार, २७ सप्टेंबर

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

परवा चौकशीला यांच्यासोबत मीही गेले होते. अधिकाऱ्यांनी तुमच्या कंपनीची रोजनिशी पुढे ठेवली. म्हणाले, शुक्रवारी धुरी नव्हतीच, मग फोन कशाला येईल, पाण्याकडे लक्ष ठेवणं तुमचं काम होतं. शुक्रवारचा रकाना कोरा आहे. गुरुवारी मात्र सहा शेगड्या, ढग पाचला डोंगरापार. अक्षर मी ओळखलं. तुला हात धरून लिहायला मीच शिकवलंय.

लहानपणी दूध सांडलंस की पातेलं मांजरापुढे सरकवायचास. मांजराला मार बसायचा आणि मग तू जेवायचा नाहीस. रेनकोटच्या बाह्यांचं वाचलं तेव्हाच मला तू जेवत नसशील असं वाटलं.

तुझं बारा तारखेचं पत्र सोबत परत पाठवते आहे. यांना दाखवलेलं नाही. येत्या शुक्रवारी निकाल आहे. पत्र माझ्यापाशी राहिलं तर मी ते पुढे करीन आणि तुझी नोकरी जाईल, नाही केलं तर यांची. हे माझ्याच्यानं होणार नाही. तूच काय ते कर.

तरीही तुझीच,
ताई


बुधवार, १ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे तुझ्या हाती पडेल तेव्हा निकाल लागलेला असेल. आज सकाळी हवामान कचेरीत जाऊन दुरुस्तीचा अहवाल स्वतः दिला, चौकशी अधिकाऱ्यांनाही प्रत दिली. तारीख बदलली की पेटवण्याआधी पुन्हा कळवायचं, हा नियम मला पाठ होता. शनिवारी रोजनिशी लिहायला बसलो तेव्हा पुलाची बातमी आमच्याकडे आलेली होती. साहेबांनी गुरुवारचा रकाना दाखवला, पण लिहिलं मी. पाऊस माझ्या धुरीनं आला की नाही, कोण जाणे. फोन मात्र माझ्यामुळे आला नाही, आणि भावोजी कान तपासून घेत बसले. याची मला फार लाज वाटते.

साहेबांनी उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. शनिवारी येतो. आधी पाववाल्याकडे जाईन, मग भावोजींसमोर उभा राहीन.

तुझ्याकडून परत आलेलं पत्र अहवालाला जोडलं. त्या अहवालाच्या छापील नमुन्यात एक प्रश्न असतो, धुरीची पूर्वसूचना कोणास दिली. मी लिहिलं, बहिणीस, थट्टेनं, कपडे आत घेण्यापुरती.

माया शिल्लक असेल तेवढीच ठेव,
ढापण्या